चित्र सरकतंय

विद्यापीठात तिला सगळे शूमावशी म्हणत. तोंडावर नुसतं मावशी, पाठीमागे शूमावशी. तिच्या कानावर ते केव्हाच आलं होतं. तिला ते आवडायचंही.

जुन्या इमारतीच्या तळघरात, एका कोंदट खोलीत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप होता. तो मावशी चालवायची. यंत्र भलतंच नाजूक. रस्त्यावरून ट्रक गेला की चित्र थरथरायचं, कोणी खोकलं तरी थरथरायचं. फोटो घ्यायची वेळ आली की मावशी ओठांवर बोट ठेवायची. "शू!" शेजारी बसलेला पोरगा श्वास रोखून धरायचा. फोटो निघाला की दोघं एकदम श्वास सोडायची आणि गप्पा पुढे सुरू व्हायच्या.

सॅम्पल आत घातलं की ते स्थिर व्हायला बराच वेळ लागे. तोवर करायचं काय? दिवे मालवलेले, पडद्यावर हिरवट उजेड. अंधारात माणूस बोलतो. कोणाचं लग्न मोडलेलं असायचं. कोणाचे गाइड महिनोन् महिने भेटत नसायचे. मावशी सल्ले देत बसायची नाही. बटणं फिरवता फिरवता ऐकायची. "बरं, मग?" एवढंच.

अधूनमधून कुरकुरायची मात्र. "एक शांत खोली द्या रे मला कोणीतरी. बाकी काही मागणं नाही."

ते एका पोराने मनावर घेतलं.

त्याचं नाव तिनेच भोपळा ठेवलं होतं, कारण वर्षभर त्याच्या सॅम्पलमध्ये काही म्हणता काही दिसलं नव्हतं. एकदा तो तिच्या शेजारी बसून हमसून हमसून रडला. फोटो चालू होता. मावशी शू म्हणाली नाही. फोटो गेला वाया.

पुढे भोपळा परदेशी गेला, केस पिकवून परत आला आणि नव्या संशोधन केंद्राचा संचालक झाला. रस्त्यापलीकडे काचेची पाच मजली इमारत उभी राहिली. तिच्या नकाशात त्याने सर्वांत आधी एक खोली आखली होती. खोलीच्या आत खोली. खाली काँक्रीटचा जाडजूड ठोकळा, बाकीच्या इमारतीला कुठेही न चिकटलेला, थेट खडकावर बसवलेला.

"मावशी, बाहेरून रणगाडा गेला तरी चित्र हलणार नाही."

"आणि मी कुठे बसायचं?"

"बाहेर, काचेपलीकडे. माणसाच्या अंगाची ऊबसुद्धा या नव्या यंत्राला सोसत नाही. मुलं वरून, आपापल्या टेबलावरून चालवतील. सॅम्पल खिडकीतल्या ट्रेमध्ये ठेवून जातील. तुम्ही फक्त ते यंत्रात बसवायचं." तो लहान मुलासारखा हसला. "आता कोणाला शू म्हणायला नको!"

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, आनंदाने. थोडा आनंद होताही.

खुर्ची छान होती. शेजारी दुसरी होती, तिच्यावरचं प्लास्टिक कोणी काढलं नव्हतं. ट्रेमध्ये डब्या येत. मावशी त्या उचलून सॅम्पल बसवी. वरून निरोप येई, "ओके." दिवस संपे.

घरी तिच्या तोंडाला खळ नसे. नवरा म्हणाला, "तिकडे शांतता मिळाली, ती माझी नेलीस काय?"

"तुमचं आपलं काहीतरीच," ती म्हणाली. त्या रात्री जेवताना मात्र गप्प राहिली.

मग एके दिवशी तिने सॅम्पलची क्लिप किंचित सैल ठेवली.

वरून निरोप आला, चित्र सरकतंय. पुन्हा आला. शेवटी एक उंच मुलगी जिना उतरून आली, कपाळाला आठ्या घालून. गंज धरू न देणाऱ्या रंगांवर तिचं काम चाललं होतं. मावशीने आत जाऊन क्लिप नीट केली, बाहेर येऊन दुसऱ्या खुर्चीवरचं प्लास्टिक ओढून काढलं. "बस. स्थिर व्हायला वेळ लागेल."

मुलगी बसली. आधी फोन बघत बसली, मग बोलायला लागली. वडील तिच्याशी बोलत नव्हते. का ते सांगायला सुरुवात केली आणि तेवढ्यात चित्र स्थिर झालं. "पुढचं नंतर सांगते हं," म्हणत ती पळाली.

मावशी घरी गेली ती गुणगुणत. पुढच्या डबीवर त्याच मुलीचं नाव होतं. तिने पुन्हा क्लिप सैल ठेवली.

या वेळी जिना उतरून भोपळा आला.

त्याने यंत्रातून सॅम्पल बाहेर काढलं, क्लिपवर बोट ठेवलं. "मावशी, तुमच्या हातून?"

"मुद्दाम केलं."

"तिचा अख्खा आठवडा वाया गेला हो."

"ठाऊक आहे." मावशीने खुर्चीच्या दांड्यावरून हात फिरवला. "तिच्या वडिलांचं काय झालं, तेवढं ऐकायचं होतं रे."

भोपळा शेजारच्या खुर्चीवर मटकन बसला.

"मला जुन्या यंत्रावर पाठव," ती म्हणाली. "पहिल्या वर्षाची पोरं का येईनात."

"ते गेल्या महिन्यात उतरवलं. सुटे भाग एका कॉलेजला दिले." त्याने मान वर केली नाही. "तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

"आणि त्या जुन्या खोलीत काय आहे?"

"मोडकी टेबलं."

मावशीने मान डोलावली, एखाद्याच्या घरची खुशाली कळावी तशी.

"मी नियम करतो," तो घाईघाईने म्हणाला. "ज्याचं सॅम्पल, त्याने खाली येऊन बसायचंच."

"छे! हजेरी लावायला आलेलं माणूस बोलतं होय? नको. क्लिप आता सैल राहायची नाही. जा तू."

तो लगेच गेला नाही. बराच वेळ बसला.

दुसऱ्या दिवशी मावशीने मुलीचं सॅम्पल बसवलं. क्लिप घट्ट आवळली. पुन्हा तपासली. वरून निरोप आला, "एकदम स्थिर! थँक्यू मावशी."

तिने एका बोटाने टाइप केलं, "अजून असलं तर घेऊन ये." पाठवायच्या आधी जरा थांबली. मग पाठवलं.

उत्तर लगेच आलं.

"हो, आहे एक. ट्रेमध्ये ठेवते."