पाणवठ्यातली फांदी

पाणवठ्यातली फांदी मी काढली. काढू नका, असं सांगितलेलं असताना काढली.

मुळशी तालुक्यातल्या भरे गावाच्या मागच्या डोंगरावर गावाने राखलेलं रान आहे. मुळशी म्हटलं की लोकांना धरण आणि पाऊस आठवतो. या उगवतीच्या अंगाला मात्र पाऊस बेताचाच. माथ्यावर कुसळी गवत, उतारावर सालई, काटेरी हेंकळ, निवडुंग. मार्चमध्ये पांढरुखाला पान नसतं, नुसती गुळगुळीत पांढरी साल उन्हात चमकते. मी पुण्याहून दर रविवारी तिथे जातो, झाडांच्या आणि प्राण्यांच्या नोंदी करतो.

उन्हाळ्यात वर पाणी नसतं, म्हणून गावच्या समितीने प्राण्यांसाठी पाणवठा म्हणून जमिनीलगत सिमेंटचा हौद बांधला. तो भरायचं काम राखणदार बाबांकडे होतं. त्यांनी हौदात एक वाळकी फांदी तिरकी टाकून ठेवली होती. मी लावलेल्या कॅमेऱ्यासमोर ती नेमकी आडवी यायची. काढू का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या सायेब. येखादं जनावर आत पडलं तर चढंल कशावरनं? तुमच्या फोटूवरनं?”

तेव्हा मी हसलो. ते खाली उतरल्यावर फांदी उचलून घाणेरीच्या जाळीत फेकली. संध्याकाळी परत ठेवायची असं ठरवलं होतं आणि विसरलो.

दोन दिवसांनी हौदात ससा आणि दोन लावे मेलेले सापडले. कडा गुळगुळीत, वर यायला आधार नाही. पुढच्या रविवारी समितीची बैठक बसली, मीही गेलो. बाबा सांगत होते, “फांदी व्हती. म्या सोता टाकली व्हती.”

“मग तिला पाय फुटले का?” एकाने विचारलं आणि सगळे हसले. “बाबा, वय झालं आता. घरी बसा.”

कॅमेऱ्याचं कार्ड माझ्या खिशात होतं. त्यात फांदी उचलणारा माझा हात स्पष्ट दिसत होता. रानात पुन्हा येऊ देणार नाहीत, या भीतीने मी तोंड उघडलं नाही. बाबांचं काम दुसऱ्याला दिलं. त्यानंतर महिनाभर मी नोंदी करत राहिलो. घोरपड दिसली, गणेरीची पिवळी फुलं दिसली, सगळं वहीत लिहिलं. बाबांच्या घरावरून जाणारी वाट मात्र टाळली.

शेवटी एका रविवारी समितीच्या अध्यक्षांना कार्ड दाखवलं आणि तिथून थेट बाबांच्या अंगणात गेलो. ते शेंगा निवडत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही.

“आत्ता सांगताय व्हय? गावानं मला येड्यात काढलं, तवा कुटं व्हता?”

“तिथेच होतो, बाबा. तुमच्या शेजारी बसलो होतो आणि गप्प राहिलो. माझं चुकलं. मला माफ करा.”