पुंजाराम हवालदारांचा खाक्या

पेपरात एक वाक्य ठरलेलं असतं : ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ खाक्या म्हणजे नेमकं काय, हे कुणी लिहीत नाही. वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. मीसुद्धा पट्टा आणि शिव्या एवढंच समजून होते, पुंजाराम हवालदार भेटेपर्यंत.

पुंजाराम मूळचे येवल्याकडचे. निम्मी नोकरी बोईसरच्या चौकीवर गेली. कुणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा खाक्या. मोबाइल हरवला म्हणून रडत आलेल्याला ते आधी त्याचेच खिसे तपासायला लावत. त्यांच्या बायको ज्ञानेश्वरीबाई म्हणतात, आमटीत मीठ घातलंय असं सांगितलं तरी हा माणूस चाखून बघितल्याशिवाय मान डोलावत नाही. रिक्षावाले त्यांना टरकून असत आणि पाठ वळली की त्यांच्या नकला करत.

आम्ही वारली, सफाळ्याच्या आत डोंगरातल्या पाड्यावरचे. बारावीनंतर माझं नाव नर्सिंगच्या यादीत लागलं, पण जातीचा दाखला काही हातात येईना. आला तो कागद जमा करायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी. पाचच्या आत बोईसरच्या ऑफिसात पोहोचलो नाही, तर माझी जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. मी आणि बा तसेच धावत निघालो.

आमच्याकडे माणूस घराबाहेर पडला की कमरेच्या आकडीत कोयता अडकवतो. रानात जाताना, बाजाराला जाताना, लग्नालासुद्धा. आकडी म्हणजे कमरेला बांधलेलं लाकडी अडकण. इतकी सवय, की बाच्या कमरेला कोयता आहे हे मला दिसलंच नाही. बोईसरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा पुंजारामांना मात्र दिसला.

“हत्यार घेऊन कुठं निघालास? नाव काय?”

“जिवल्या.”

“पूर्ण नाव सांग. गाव? पाडा कुठला?”

चौकीत बसवून त्यांनी एकेक गोष्ट तीन-तीनदा विचारली. बा पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, “साहेब, पोर नर्स व्हनार हाय. कागद द्यायला आलो आमी.” ते म्हणत, “बघू.” साडेतीन झाले, चार झाले. त्यांनी माझी पिशवी उघडून प्रत्येक कागद उजेडाला धरून वाचला, शिक्क्यांवरून बोट फिरवलं. मला इतका राग आला होता की रडूही येईना. शेवटी त्यांनी कोयता कपाटात टाकला आणि टोपी घातली. “चला. खरं बोलताय का ते मीच बघतो.”

रिक्षातून उतरलो तर ऑफिसची खिडकी बंद. टकटक केल्यावर कारकुनाने फट उघडली. “वेळ संपली. उद्या या.”

“पण आज शेवटची तारीख आहे,” मी म्हणाले.

“मग आता काही होणार नाही.”

बाने हात जोडले आणि मागे वळला. सरकारी माणूस नाही म्हणाला की आम्ही वळतो, आजवर तसंच चालत आलंय. मीही वळले. तेवढ्यात मागून तोच खडा आवाज आला, तासभर आम्हाला छळणारा.

“नाव काय?”

पण हे आम्हाला नव्हतं. कारकून चाचरला.

“पूर्ण नाव सांगा. वेळ संपली असं कुठं लिहिलंय? दाखवा.”

भिंतीवरच्या नोटिशीत पाचपर्यंत असं लिहिलं होतं. पुंजारामांनी ते बोट ठेवून मोठ्याने वाचलं. मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. त्यावरही भरवसा नसल्यासारखं भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. चार पंचवीस. खिडकी पूर्ण उघडली.

माझे कागद घेतले गेले. त्यांनी पावती मागून घेतली, वाचली आणि मग माझ्या हातात दिली. परत चौकीवर नेऊन कोयता वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि शहरात पुन्हा असा आणशील तर खैर नाही, असा बाला दम भरला. आम्ही दोघांनी गोड मानून घेतला. त्यांनी आमच्यावर विश्वास ठेवला नाही हे खरं, पण त्या खिडकीवरही ठेवला नाही. ते नसते तर मी मुकाट्याने पाड्यावर परतले असते आणि वेळ संपली होती असंच आयुष्यभर समजून चालले असते. त्यांचे उपकार मी विसरू शकत नाही.

चार वर्षांनी घिवलीकडच्या आरोग्य केंद्रात माझी नेमणूक झाली. ऑर्डर घेऊन मी त्यांच्या घरी गेले. तोवर ते निवृत्त झाले होते. त्यांनी चष्मा लावला. सही, शिक्का, तारीख, सगळं तपासलं. उलटून मागची बाजूसुद्धा बघितली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “अगं ए, बाहेर ये. आपली जमुना नर्स झाली.”