बंदूक रिकामी आहे ना?

मला राग लवकर येतो हे आमच्या प्लँटमधल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या रविवारी आला तसा राग त्याआधी कधी आला नव्हता, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही.

आयर्लंडमध्ये कॉर्क शहराजवळच्या रिंगास्किडीत एका औषध कारखान्यात मी क्वालिटीत आहे. आमच्याकडे एक बॅच संपली की दुसरी सुरू करण्याआधी लाइन क्लिअरन्स होतो. आधीची एक गोळी, एक लेबल, कागदाचा एक कपटा मशीनवर राहिलेला चालत नाही. एकाने तपासायचं आणि दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सही करायची. ती दुसरी सही बहुतेक वेळा माझी असते. आणि रविवारी मी गावाबाहेरच्या क्लबात हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या शॉटगनने फोडायला जाते. नागपूरला कॉलेजात एनसीसीत होते, तेव्हापासून नेमबाजीची हौस आहे.

माझ्याच प्लँटमधल्या पॅकिंगचा एक इंजिनिअर, पुण्याचा, तिशी ओलांडलेला, मला ताई म्हणणारा, मागे लागला. "ताई, मलाही क्लबात घ्या ना, जरा क्रॅक होईल." क्रॅक म्हणजे इथल्या बोलीत मजा. मला बरं वाटलं. आपलं कोणीतरी सोबतीला, मराठीत चार गप्पा होतील. प्रस्तावक म्हणून मी त्याच्या फॉर्मवर सही केली. पुढे गार्डांकडून, म्हणजे इथल्या पोलिसांकडून, लायसन्स आलं आणि त्याने एक सेमी-ऑटोमॅटिक बारा बोअर शॉटगन घेतली.

आमच्या क्लबात बंदूक भरण्याची रीत साधी आहे. ठरलेल्या चौकटीत उभं राहिल्यावरच भरायची, नळी मैदानाकडे, आणि तबकड्या दोन म्हणून काडतुसंही दोनच. माझी दुनळी आहे. ती मोडून उघडली की रिकामी काडतुसं बाहेर पडतात, बोटांत धरलेली नवी दोन एका झटक्यात आत जातात. स्पर्धेत मुरलेले लोक हे इतकं सफाईने करतात की पाहत राहावं. पण ती सगळी चपळाई शेवटी रिकाम्या बंदुकीपाशी थांबते. पाळी संपली की उघडून दाखवायची, मगच चौकटीबाहेर पाऊल टाकायचं.

या बहाद्दराला ही रीत मिळमिळीत वाटली. तो व्हिडिओ बघून शिकत होता. दाढीवाले, काळे गॉगल घातलेले अमेरिकन. त्यांची रीत वेगळी: बंदूक खांद्यावरून उतरवायची नाही, नजर समोरून हलवायची नाही, एक काडतूस थेट वरून आत टाकायचं, आणि जरा उसंत मिळाली की अंगठ्याने खालून आणखी एक सरकवायचं. बंदूक कधीही रिकामी राहता कामा नये, हा त्यांचा पहिला धडा. मी त्यांना नावं ठेवत नाही. ज्याच्यासमोर खरोखरच कोणी हत्यार घेऊन उभं आहे, त्याने तसंच करावं. पण कॉर्कच्या शेतावरची मातीची तबकडी उलटून गोळी झाडत नाही, हे या शहाण्याला कोणी सांगायचं? मी सांगितलं. दोनदा सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "ताई, टेक्निक आहे. रोज संध्याकाळी घरी प्रॅक्टिस करतो, हात बसलाय आता."

त्या रविवारी त्याने शेवटची जोडी फोडली. झकास फोडली. आणि मग त्याचा हात, डोक्याला न विचारता, खिशात गेला. एक वरून आत, एक खालून आत, खट्. तसाच तो आमच्याकडे वळला. नळी माझ्या पोटावरून फिरली, शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यावरून फिरली. तो शेतकरी आमचा सेफ्टी ऑफिसर. त्याने नळी हाताने जमिनीकडे वळवली आणि शांतपणे विचारलं, "रिकामी आहे ना?"

"हो."

मी पुढे होऊन बंदूक घेतली, नळी मैदानाकडे केली आणि उघडली. लाल काडतूस गवतावर उडून पडलं. डोक्यात तिडीक गेली माझ्या. "अरे, हे काय आहे?"

"सॉरी ताई, हात आपोआप गेला."

आपोआप! लाइनवर एक गोळी राहिली तर हाच माणूस पानभर खुलासा लिहितो. तिथे हात आपोआप जात नाही. मी त्याच क्षणी शेतकऱ्याला म्हणाले, याची मेंबरशिप थांबवा, फॉर्मवर सही माझी आहे आणि मीच सांगते आहे.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत त्याचा फोन आला. "ताई, आपल्या माणसाला तुम्ही गोऱ्यांसमोर खाली पाहायला लावलंत."

आपला माणूस. नळी पोटावरून फिरते तेव्हा ती आपली की परकी हे पोटाला कळत नाही. पण माझ्या मनात दुसरंच आलं होतं. "घरी तरी रिकामी ठेवतोस ना?"

"रिकामी बंदूक घरात ठेवून उपयोग काय ताई? कोणी घुसलं तर?"

"कुठे ठेवतोस?"

"बंदुकीची लोखंडी सेफ आहे की. पण प्रॅक्टिसला हाताशी हवी म्हणून जिन्याखालच्या प्रेसमध्ये असते. वरच्या फळीवर. पोरीचा हात पुरत नाही."

म्हणजे कपाटात, कोटांच्या वर, भरलेली. पोरगी पाच वर्षांची. पाच वर्षांच्या मुलाला खुर्ची ओढता येते हे एका इंजिनिअरला समजावून सांगावं लागतं का? मी फोन ठेवला आणि तिथल्या तिथे गार्डांना लावला. त्यांनी त्याच दिवशी जाऊन बंदूक ताब्यात घेतली. भरलेलीच होती.

त्यानंतर आमच्या मराठी ग्रुपवर माझी जी शोभा झाली ती विचारू नका. चुगलखोर म्हणाले, एका घराचं वाटोळं केलं म्हणाले. समोर येऊन बोलायची मात्र एकाचीही छाती झाली नाही. खुशाल म्हणोत.

आली ती फक्त त्याची बायको. मी भांडणाच्या तयारीनेच दार उघडलं. ती आत आली आणि बसली.

"तीन महिने मी पोरीला जिन्याकडे जाऊ दिलं नाही ताई," ती म्हणाली. "एकदा तर मारलंसुद्धा. मला फार भीती वाटायची."

"मग मला का नाही बोललीस? दर पंधरा दिवसांनी इथे जेवायला येत होतीस ना?"

"हे म्हणायचे, ताईंच्या घरीही भरलेलीच असते."