बोरवाडी चुकीची नव्हती

"कुणी न्हाय हुडकलं तर म्या हुडकीन!" असं म्हणून बाई एन्टरची कळ अशी दाबायच्या, की शेजारी ठेवलेला माझा चहा बशीत सांडायचा.

बाई लोहाऱ्यात कॉम्प्युटर क्लास चालवायच्या आणि मी तिथं टायपिंग शिकवायचो. शाळेतून निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात. बाईंनी इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात शिरून पुनर्निर्देशनं करायला घेतली. तुम्हीही पाहिलं असेल, एखादी गोष्ट आपण एका नावानं शोधतो आणि पान उघडतं दुसऱ्याच नावाचं. ती वाट आधी कुणीतरी करून ठेवलेली असते. आमच्या भागातल्या कितीतरी वाटा बाईंनी केलेल्या आहेत.

पहिल्यांदा त्या भडकल्या हुलग्यांवरून. ज्ञानकोशात पान होतं 'कुळीथ' या नावाचं. 'हुलगे' टाकलं तर काहीच सापडत नव्हतं.

"कोकणानं खाल्लं ते धान्य, आन् आमी काय माती खाल्ली व्हय?"

तिथल्या तिथं त्यांनी 'हुलगे'वरून 'कुळीथ'कडे वाट केली. दुसऱ्या दिवशी डब्यातून हुलग्याचं माडगं आणून मला प्यायला लावलं. ते फार पातळ झालं होतं, पण सांगायची माझी काय बिशाद!

या ज्ञानकोशात प्रत्येक पुनर्निर्देशनाला एक वर्ग लावतात. पर्यायी नावे, जुनी नावे, चुकीची नावे, असे. चुकीच्या वर्गातलं नावही वाचकाला पानापर्यंत पोचवतं, पण त्या नावावर शिक्का बसतो तो बसतोच.

बाईंचं जन्मगाव बोरवाडी. माकणीच्या धरणात ते पाण्याखाली गेलं, माणसं वर माळावर बसवली आणि कागदोपत्री त्या वस्तीचं शांतिनगर झालं. बाईंनी 'बोरवाडी'वरून 'शांतिनगर'कडे पुनर्निर्देशन केलं आणि त्याला वर्ग लावला 'जुनी नावे'. लवकरच दूरच्या कुणा संपादकानं तो काढून 'चुकीची नावे' लावला. त्याला नकाशावर बोरवाडी दिसली नव्हती.

बाईंनी चर्चापानावर शुद्ध, नम्र मराठीत हरकत लिहिली. उत्तर आलं, "ताई, असे गाव अस्तित्वात नाही."

मग मात्र बाई स्क्रीनशीच भांडायला लागल्या. "आरं, न्हाय म्हनूनच जुनं! माझी आई चुकीच्या गावात बाळंत झाली व्हय रं?"

त्या वर्ग बदलायच्या, तो पुन्हा होता तसा करायचा. शेवटी बाईंचं खातं आठवडाभर बंद केलं गेलं. मी समजूत घालायला गेलो. "बाई, जाऊ द्या. बोरवाडी टाकलं की शांतिनगर उघडतंय ना?"

"गुरुजी, तुमाला कुणी घरात घेतलं आन् वर चोर म्हनलं, तर चालंल का?"

मी हसलो. बाई हसल्या नाहीत, त्यांचे डोळे भरले होते. एवढ्या भांडखोर बाईची मला त्या वेळी फार माया वाटली.

बंदी उठली त्या सकाळी मी क्लास उघडायला गेलो, तर बाई माझ्याआधी येऊन पायरीवर बसल्या होत्या. आत गेल्या, चपलाही न काढता खुर्चीत बसल्या आणि पहिलं काम तेच केलं.

त्याच हिवाळ्यात बाई गेल्या. छातीत दुखायला लागलं आणि सोलापूरला नेईपर्यंत सगळं संपलं. दिवसकार्य उरकल्यावर मी क्लास उघडला आणि बोरवाडीचं पान काढलं. वर्ग होता 'चुकीची नावे'. मला रडू आलं आणि संतापही आला.

मी माझं खातं उघडून वर्ग बदलला. संध्याकाळी तो पुन्हा फिरवलेला होता, सोबत सूचना, "बदलाचे कारण द्यावे."

मी परत 'जुनी नावे' लावलं आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं, "या गावात आमच्या बाईंचा जन्म झाला."

अजून तरी ते कुणी हलवलेलं नाही. हलवलं, तर मी बसलोच आहे.