चवथीची जमवाजमव

आमच्या डिचोलीच्या घरात युद्धाची पुस्तकं शिरली ती खाणी बंद पडल्यावर. माझे सासरे सुर्ल्याच्या खाणीवर ट्रकांच्या खेपांचं बघायचे. ट्रक थांबले, खेपा थांबल्या आणि पहाटे उठायची सवय तेवढी घरी राहिली. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी एक जाडजूड ग्रंथ आपल्या दादाच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, हातात ठेवला. मागे घडी घातलेले नकाशे, मध्ये मिशीवाल्या सेनापतींचे फोटो. वाचून झाल्यावर सासरे म्हणाले, "हांगा ट्रक उणे पडले." पुढे पानिपतालाही त्यांनी हेच कारण लावलं.

त्यानंतर पुस्तकं दोघांत मिळून यायला लागली. काकांचं घर आमच्याच आवारात, मधे फक्त जास्वंदीचं कुंपण. संध्याकाळी दोघे आमच्या व्हरांड्यात बसायचे आणि कुठलं युद्ध कसं टाळता आलं असतं यावर चहा प्यायचे. लढायांत त्यांना रस नव्हता. तोफा सुरू झाल्या की काका पुस्तक मिटायचे. "जालें. आतां मरपाचेंच उरलां," म्हणायचे.

मी हळर्णची. माहेरी किल्ला होता, म्हणजे त्याचे दगड होते, आणि आम्ही त्यांवर काजूच्या बिया वाळत घालायचो. युद्धाशी माझा संबंध एवढाच. पण दुपारी घर झोपलं की मीही ती पुस्तकं चाळायला लागले आणि लढाईआधीच्या प्रकरणांत अडकले. कोण कोणाकडे जेवायला गेलं नाही, कोणाच्या लग्नात कोणाला मागच्या रांगेत बसवलं, कोण कोणाशी कामापुरतं बोलायला लागलं. राजेलोक आमच्या नात्यातलेच निघाले.

दोघा भावांचं एका गोष्टीवर एकमत होतं. युद्ध कोणालाच नको असतं. एक जण घाबरून तयारी करतो, ती बघून दुसरा घाबरतो आणि तोही करतो, आणि एकदा सैन्य हललं की ते मागे बोलवायला कोणी धजत नाही. हे ते इतकं पटवून सांगायचे की माझी खात्रीच झाली होती, आपल्या घरात भांडण म्हणून होणार नाही.

आमची चवथ एकत्र असायची. गणपती आमच्या घरी बसायचा आणि पाच दिवस दोन्ही घरांचा स्वयंपाक एक. काकांची सून, माझी चुलत जाऊ, बँकेत नोकरीला. वर्षभर आमचं बोलणं कुंपणावरून व्हायचं, तेही पाणी आलं का, गॅस आला का, एवढंच. चवथीला मात्र नेवऱ्या, म्हणजे करंज्या, भरता भरता आम्ही वर्षभराचं बोलून घ्यायचो, हसायचो, एकमेकींच्या सासूसासऱ्यांची नक्कल करायचो. खरं सांगायचं तर मला देवापेक्षा त्या स्वयंपाकघराची ओढ जास्त. या घरात माझी मैत्रीण अशी ती एकटीच.

त्या वर्षी काकांनी घराला मोठा हॉल काढला. चहा पिता पिता त्यांनी गणपती आपल्या घरी मागितला. म्हणाले, "औंदू गणपती आमगेर बसोवया? सुवात व्हड आसा."

सासरे म्हणाले, "पळोवया."

आमच्या घरात 'पाहू' म्हणजे नाही. हे काकांना ठाऊक होतं आणि काकांना ठाऊक आहे हे सासऱ्यांना ठाऊक होतं. काका नेहमीपेक्षा लवकर उठले.

आता पाटाचं सांगायला हवं. आमच्याकडे गणपती सांगायचा म्हणजे घरचा लाकडी पाट चित्रशाळेत नेऊन द्यायचा. मूर्तिकार त्याच पाटावर माती चढवतो. पाट गेला की गणपती ठरला, रिकामा पाट कोणी परत आणत नाही. आणि ज्या घरात एकदा गणपती आला त्या घरात तो दरवर्षी आणावा लागतो, तुमची इच्छा असो की नसो.

तर आमच्या पाटाच्या एका पायाला वाळवी लागली होती. सासऱ्यांनी तो स्कूटरवर पुढ्यात उभा केला आणि सुताराकडे नेला. पाट चित्रशाळेत द्यायला अजून अवकाश होता. समोरच्या घरातल्या बाईंनी ते पाहिलं आणि बातमी कुंपणापलीकडे पोचली ती अशी, की दादाने न सांगता पाट पाठवला. एवढे ग्रंथ वाचलेल्या काकांनी बाजारातून नवा पाट आणला आणि तडक चित्रशाळेत देऊन आले. हे सासऱ्यांना कळलं तेव्हा आमचा पाट अजून सुताराकडेच होता. ते तसेच उठले आणि ओल्या पॉलिशसकट तो पाट घेऊन चित्रशाळेत गेले. संध्याकाळचा चहा त्या दिवसापासून दोन घरांत वेगवेगळा व्हायला लागला.

माझ्या नवऱ्याने तटस्थता जाहीर केली, म्हणजे टीव्ही लावला.

मी आणि जाऊ चित्रशाळेत गेलो. दोन पाट शेजारी शेजारी, दोन्हीवर माती चढलेली. दोन्ही भावांनी मूर्तिकाराला एकच सांगितलं होतं, दरवर्षीसारखा कर. मूर्तिकार आमच्या घराला चांगला ओळखून होता. म्हणाला, "दोळे अजून बरोवंक नात. दोळे बरोवसर ती माती. एकल्यान फोन केल्यार हांव मोडटां, दोश ना." डोळे रेखले की मग तो देव, मग त्याचाही इलाज नाही.

आम्ही दोघी अगदी उड्या मारतच घरी आलो. एका भावाने फोन करून आपली मूर्ती मोडायला सांगायची, एवढंच तर काम.

मी सासऱ्यांसमोर उभी राहिले. सुताराचं सगळं काकांना कळवलं आहे, म्हटलं, त्यांचा गैरसमज झाला होता, आता फोन तेवढा करा.

"पयलीं ताणें मोडूं दी, मागीर हांव मोडटां," सासरे म्हणाले.

"दोगांयनीं मोडल्यार गणपतीच उरचो ना, बाबा."

"तें मागीरचें."

जावेला काकांकडून हेच उत्तर मिळालं होतं, शब्दही जवळजवळ हेच. मला भयंकर चीड आली. मी कपाटातून तो पहिला ग्रंथ काढला, सैन्य हलल्यावर ते कोणालाच थांबवता कसं आलं नाही ते पान उघडलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. "तुमीच सांगतालात न्ही?" म्हटलं. त्यांनी चष्मा लावला. पान नीट, शेवटपर्यंत वाचलं. मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"हें राजांचें," ते म्हणाले. "हांगा पाटाचो प्रस्न आसा."

मूर्तिकाराने बिचाऱ्याने शक्य तितकी वाट पाहिली. बाकीच्या सगळ्या घरांचे डोळे रेखून झाले, मग त्याने आमचेही रेखले.

चवथीला आमच्या आवारात दोन गणपती आले. देवांवर फळापानांच्या दोन माटोळ्या बांधल्या, दोन आरत्या झाल्या, त्याही एकमेकींवर येऊ नयेत म्हणून पुढेमागे. मुलं खूष, त्यांना दोन्हीकडे प्रसाद. नेवऱ्या मी एकटीनेच भरल्या आणि त्या नेहमीपेक्षा कितीतरी लवकर झाल्या, कारण बोलायला कोणी नव्हतं. सकाळी मी काकांकडे जाऊन गणपतीच्या पाया पडले आणि जावेला डबा दिला. तिने माझ्यासाठी तसाच डबा भरून ठेवला होता. हॉलमध्ये तिची माहेरची माणसं बसली होती, हॉल खरंच मोठा झाला आहे. आमचं काही बोलणं झालं नाही.

दुपारी जेवणं आटपल्यावर आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, सगळे एकमेकांचे गणपती बघायला निघतात. सासरे दरवर्षी प्रत्येक घरी जातात, एकही चुकवत नाहीत. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, केस पाण्याने बसवले आणि व्हरांड्यात आले. एका पायात चप्पल घातली आणि जास्वंदीच्या कुंपणाकडे बघत उभे राहिले. मी दाराशी ताटं आवरत होते. त्यांच्या मनात काय आहे ते मला स्पष्ट दिसत होतं आणि मला इतका आनंद झाला की हातातलं ताट तसंच राहिलं.

"तांगेलो कसो जालां?" त्यांनी माझ्याकडे न बघता काकांच्या गणपतीचं विचारलं.

"आमच्यासारकोच, बाबा," मी म्हटलं. "तोच साचो, तोच रंग. कांयच फरक ना."

त्यांनी मान डोलावली.

"मागीर पळोवपाक वचपाची गरज ना," ते म्हणाले. बघायला जायची गरजच संपली होती; त्यांनी पायातली चप्पल काढली आणि आत जाऊन खुर्चीत बसले.

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझ्या उत्तराचा.