देवाची ड्युटी

"आज देवाची ड्युटी हाय बाई, तुमची नाई."

असं म्हणत रविवारी चर्चच्या दारात भाऊ बांबूची टोपली घेऊन उभे असत आणि प्रत्येकाला मोबाईल तिच्यात टाकायला लावत. सकाळची उपासना, मग सगळ्यांचं एकत्र जेवण, मग संध्याकाळची प्रार्थना. तोवर फोन मिळायचा नाही. वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीत तीन पाळ्यांत राबणारी माणसं आम्ही, नुसतं बसायचं म्हटलं की अपराधी वाटायचं. भाऊ वीज केंद्रात फिटर आणि आमच्या मंडळीतले वडीलधारे. त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप होती?

मी शाळेत शिक्षिका. गायनमंडळ, बायकांची सभा, पोरांचा रविवारचा वर्ग, सगळं माझ्याच गळ्यात. एकदा प्रवचन चालू असताना मी गुपचूप वह्या तपासत होते, तर मागून भाऊंचा हात आला आणि लाल पेन गेला. "उद्या घेऊन जाजा बाई." खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा मी प्रार्थनेत नुसती बसले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! भाऊंचे उपकारच मानले मी.

पुढे एका रविवारी माझे वडील अहेरीला आजारी होते. मी म्हटलं, "भाऊ, आज तेवढा फोन राहू द्या. बाबांचं काही सांगता येत नाही."

"काऊन घाबरता बाई? तुमच्या बाबाले देव पाहून राह्यला ना!"

टोपली पुढे आलीच. मी फोन टाकला.

संध्याकाळी तो परत मिळाला तेव्हा त्यावर माझ्या सख्ख्या भावाचे अकरा कॉल होते. बाबा दुपारीच गेले. शेवटपर्यंत "फोन लाव तिले" म्हणत होते.

मी भाऊंना बोल लावला नाही. नियम सगळ्यांना सारखाच, असं मनाला समजावलं. मातीला ते थेट अहेरीला आले आणि माझ्याहून जास्त रडले.

महिन्याभरानं, रविवारीच, गाण्याची पुस्तकं आणायला मी चर्चच्या मागच्या खोलीत गेले. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभे. कानाला फोन!

"जेवली का बेटा? गोळी घेतली?"

मी विचारलं, "दर रविवारी?"

ते दचकले. "पोरगी नागपूरले एकटी राह्यते, बाई. मन नाई लागत मले."

"आणि माझे बाबा, भाऊ?"

त्यांनी फोन खिशात घातला. मग मी जे तोंडाला आलं ते बोलले. केसानं गळा कापला होता हो माझा!

निवृत्त होऊन ते पोरीकडे निघाले, तेव्हा निरोपाची प्रार्थना मीच करावी असं त्यांनी सुचवलं. चारचौघांत नाही म्हणता आलं नाही. शेवटी मी येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना सुरू केली. आपण दुसऱ्यांना क्षमा केली तशी देवानं आपल्याला करावी, ही ओळ आली आणि माझं तोंडच उघडेना. मंडळीनं ती ओळ पुरी केली. मी डोळे उघडले, तर पुढच्या बाकावर भाऊ ती ओळ न म्हणता माझ्याकडेच पाहत होते.

आता त्यांची आठवण येते, आणि ती येते याचाच मला राग येतो. ती ओळ अजून माझ्या तोंडून निघत नाही.