हरकतींच्या वहीतली माझी ओळ

चहा बिनसाखरेचा होता. मी सरळ नको म्हणायला हवं होतं. तेवढं जमलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

झालं असं की आमच्या नगरपंचायतीनं कचरा उचलण्याचा दर दुप्पट करायचं ठरवलं आणि भिंतीवर नोटीस लावली, नागरिकांनी हरकती व सूचना नोंदवाव्यात म्हणून. दुप्पट हा शब्द वाचून आमची अख्खी गल्ली हादरली. मी शाळेत लिपिक, अक्षर बरं, गल्लीचे सगळे अर्ज मीच लिहितो, म्हणून गल्लीनं हरकत नोंदवायला मलाच पाठवलं. तिथल्या बाबूनं वही उघडली, नाव लिहिलं, वॉर्ड लिहिला आणि मान वर करून विचारलं, "हरकत?" नेमका त्याच वेळी चपराशानं कप पुढं केला. साखर संपली आहे, बिनसाखरेचा चालेल का, असं तो विचारत होता. मी त्याच्याकडं बघून म्हणालो, "काही हरकत नाई."

बाबूनं ते लिहून घेतलं. मी न वाचता खाली सही ठोकली आणि चहा पीत बसलो. आता यात माझा एकट्याचा दोष नाही. आमच्याकडं कोणी पायावर पाय दिला, कोणी नेलेलं पातेलं पोचा पाडून परत आणलं, तरी तोंडातून आधी हेच वाक्य निघतं.

दोन दिवसांनी हरकतींची यादी फलकावर लागली. आमच्या गल्लीच्या वतीनं, काही हरकत नाही, आणि खाली माझी वळणदार सही. मी ती तीनदा वाचली. समोरचा धानाच्या गिरणीवाला माझ्या मागंच उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमच्यापेक्षा माही म्हैस पाठवली असती तं बरं झालं असतं. तिनं मान तरी हलवली असती."

आता अब्रू वाचवायची तर हरकतींवरच्या सुनावणीत उभं राहणं भाग होतं. मी दरवाढीच्या प्रस्तावाची प्रत मिळवली आणि सुटीच्या दिवशी बुद्धविहाराच्या ओट्यावर गल्लीला वाचून दाखवली. तोवर कोणी तो वाचलाच नव्हता, सगळे नुसत्या दुप्पटवर चिडले होते. पहिलं कारण असं की कचरा डेपो जंगलाला लागून आहे. उष्ट्याखरकट्याला रानडुकरं येतात आणि डुकरांमागं वाघ येतो, म्हणून डेपो लांब हलवायचा आणि डिझेलचा खर्च वाढणार. वाघाविरुद्ध कोणी हरकत घेईना. उलट जो तो आपल्या शेतातला वाघ सांगत बसला, त्यात अर्धा तास गेला. दुसरं कारण गाडी जुनी झाली हे. तिचा खडखडाट रोज सकाळी सगळ्यांच्या कानी पडायचा, तिथंही बोलायला जागा नव्हती. माझं बोट खाली सरकत सरकत शेवटच्या ओळीवर थांबलं: कामगारांसाठी जाड हातमोजे, बूट व धनुर्वाताची लस.

ही ओळ कापता येण्यासारखी होती. मी त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला. "घरगुती कचरा हा भाजीच्या देठांचा व पत्रावळींचा असून त्यासाठी हातमोज्यांचे प्रयोजन आकलन होत नाही." 'प्रयोजन आकलन होत नाही' हे मी एका सरकारी पत्रात वाचलं होतं आणि वापरायची संधी शोधत होतो.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. मी अर्ज खणखणीत वाचला. गिरणीवाल्यानंही मान डोलावली, म्हणजे माझी किंमत म्हशीच्या वर गेली होती. मग मुख्याधिकारी मॅडमनी कामगारांपैकी कोणाला बोलायचं आहे का, असं विचारलं. आमच्या गल्लीत घंटागाडीवर येणारी बाई उठली. तिनं उजवा हात वर केला.

"हे दोन बोटं वाकत नाई जी," ती म्हणाली. "ओल्या कचऱ्यात काच होती."

गावाच्या कुठल्या भागात लागली, असं मॅडमनी विचारलं. बाई खाली बघत म्हणाली, "ते राहू द्या जी." इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला वाटलं, हिच्याकडं उत्तर नाही. मी उभा राहून वकिलासारखं विचारलं, "आमच्या गल्लीत कुठी आली काच? सांगा ना, बाई."

"तुमच्याच घरची होती, भाऊ. ट्यूबलाइट. भाताच्या खाली."

मी उभाच राहिलो. बसायचं असतं हे सुचलंच नाही.

दिवाळीआधी नवी ट्यूब बसवताना ती माझ्या हातून फुटली होती. बायकोला कळू नये म्हणून मी तिचे तुकडे ओल्या कचऱ्याच्या पिशवीत तळाशी घातले आणि वर शिळा भात ओतला. धावत जाऊन दुसरी ट्यूब आणून लावली. आपण किती चलाख, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. त्यानंतर बाई डाव्या हातानं पिशवी उचलायला लागली. मी फाटकात उभा राहून ते बघायचो आणि हिला आजकाल किती वेळ लागतो, असं म्हणायचो.

मॅडमनी विचारलं, "हातमोज्यांच्या ओळीबद्दल तुमचं काय?"

"ती तशीच राहू द्या," मी म्हणालो. "माझा अर्ज परत द्या."

मागं गल्लीतले लोक कुजबुजत होते. त्यांच्याकडं वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. बाई केव्हा खाली बसली तेही मला दिसलं नाही.

हातमोजे प्रस्तावात राहिले. दरही वाढला. घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, फुटलेल्या ट्यूबसकट. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "त्या दिवशी तिचा हात मीच बांधला. रक्त थांबून नोहतं राह्यलं, तरी ते म्हणे, भाऊले सांगू नका बाई, मनाले लावून घेतील. मी म्हटलं, आमचे हे मनाले लावून नाई घेत, अर्ज लिहितात."